मास्तरांचं पहिलं लेडीज काम

मकबूलमास्तरांनी आयुष्यात बाईचं माप घेतलं नाही. कॅम्पातल्या त्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'मुलाणी टेलर्स' ही अक्षरं बेताची होती आणि 'फक्त जेंट्स' ही त्यांच्या दुप्पट. तरीही एखादी बाई ब्लाऊजपीस घेऊन आत शिरलीच, तर मास्तर शिलाईवरून डोळे न उचलता म्हणायचे, "पाटी मराठीतच आहे, बाई."

हा नियम त्यांच्या वडिलांचा. म्हातारा सासवडहून पुण्यात आला तो एक कात्री आणि एक सुभाषित घेऊन. कात्री पुढं झिजली, सुभाषित टिकलं. "बाईच्या मापात अर्धा इंच चुकला तर ती नवऱ्याला सांगते, आणि बरोबर आला तर नवरा येऊन आपल्याला विचारतो." या एका वाक्यावर मुलाण्यांच्या दोन पिढ्यांनी अर्ध्या जगाकडे पाठ फिरवली. मास्तरांनी स्वतःच्या बायकोचासुद्धा ब्लाऊज कधी शिवला नाही. अमिनाबी सगळ्या आळीला सांगत फिरायची, "माझा दादला शिंपी हाय, आन् माझी चोळी शिवती पलीकडची शालन. हलवायाच्या बायकोनं शेजारनं साखर मागावी तशातली गत."

पण पुरुषाच्या बाबतीत मास्तर म्हणजे मास्तर. लष्करातले कर्नल, पारशी बावाजी, कोर्टातले वकील, सफारी घालून मिरवणारे महापालिकेतले इंजिनियर, सगळे त्यांच्या आरशासमोर हात पसरून उभे राहिलेले. पँटचं माप घेताना शेवटी ते हळूच विचारायचे, "डावीकडे की उजवीकडे?" नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. मग मास्तर डोळ्यानंच दाखवायचे की बाबा रे, अल्लानं जे दिलंय ते तू पँटीत कोणत्या बाजूला ठेवतोस? त्या बाजूला कापड जरा सैल सोडावं लागतं. मोठेमोठे न्यायाधीश या प्रश्नापुढं लाजले होते. एका कर्नलनं तर विचार करून सांगायला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागितली होती.

मग देशानं दारं उघडली आणि त्या दारातून तयार कपडे आत आले. आधी लक्ष्मी रोडला, मग कॅम्पात, मग गल्लोगल्ली. लोक पँट विकत घेऊन थेट घालायला लागले. त्यापाठोपाठ कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. मास्तरांना वाटलं, चला, साहेब लोक आले, आता सूट शिवतील. साहेब लोक गोल गळ्याचे टीशर्ट घालून कामावर जायला लागले. "पगार कर्नलपेक्षा जास्त आणि कपडे भंगारवाल्यापेक्षा कमी," असं मास्तर म्हणायचे. म्हणून काय होणार? दुकान बंद झालं. पोरगा फैज मॉलमधल्या शोरूममध्ये तयार पँटी विकायला लागला. बापाचं पोट ज्यानं मारलं, पोरगं त्याच्याकडेच पोटाला लागलं. मास्तरांनी यावर काही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि ते रोज बोलत राहिले.

बिऱ्हाड पुण्याबाहेर मांजरी गावात नव्या बिल्डिंगीत गेलं. मशीन बाल्कनीत गेलं. मास्तर रोज सकाळी स्वतःच्या पांढऱ्या पँटला धारदार इस्त्री करायचे, ती घालायचे आणि कुठंच जायचे नाहीत.

फैजची बायको यास्मिन खराडीच्या कंपनीत होती. तिचं काम दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायचं. "त्याचा पगार बी देत्यात?" अमिनाबीनं लग्नाच्या बोलणीतच विचारलं होतं. "मग मला इतकी वर्सं फुकट राबवलं की." यास्मिन घराण्यातली पहिली इंजिनियर. मामांशी भांडून कॉलेजला गेलेली, चुलत्यांशी भांडून नोकरीला लागलेली. नोकरी तिला कुणी दिलेली नव्हती, तिनं ती ओढून आणली होती.

तिला मुलगी झाली. नाव ठेवलं अर्शिया. मुलगी गोरीपान, गुटगुटीत, आणि ढुंगण मात्र टोमॅटोसारखं लाल. बाजारातले डायपर तिला सोसेनात. डॉक्टरांनी सांगितलं, प्लास्टिक एकदम बंद. अमिनाबी म्हणाली, "मग लंगोट बांधा की. माझी पोरं काय प्लास्टिकात वाढली?" पण अमिनाबीच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, तिला पोर उचलून घ्यायची मनाई. मास्तर नातीला खेळवायचे, पण ती ओली झाली की निखारा हाती आल्यासारखी खाली ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. म्हणजे मुलगी पाळणाघरात ठेवणं आलं. आणि खराडीतल्या पाळणाघराच्या सत्यशीलाबाई होत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी लंगोट बघूनच हात जोडले. "लंगोट एका वेळेला एक. माझ्याकडं मुलं चौदा. मी काय धोबीघाट काढलाय?"

यास्मिनची सुट्टी संपत आली होती. सोमवारी हजर हो, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला जाईल, असं मॅनेजरनं गोड इंग्रजीत कळवलं होतं. थोडक्यात, अर्शियाच्या ढुंगणावर यास्मिनची नोकरी टांगलेली होती.

गुरुवारी यास्मिन सासऱ्यांपुढं एक मोठा कागद घेऊन उभी राहिली. बरेच छापील कागद चिकटपट्टीनं जोडलेले.

"अब्बा, हा कापडी डायपरचा पॅटर्न आहे. आत शोषून घेणारे थर, बाहेरून लोकरीचं कापड, मांडीला इलास्टिक. दोन-तीन तास आरामात टिकतो म्हणे. तुमच्याकडे सुटिंगचे तुकडे आहेतच ना? प्लीज शिवून द्या."

मास्तरांनी चष्मा चढवला. "हे कटिंग कुणाचं?"

"अमेरिकेतल्या एका बाईंनी साइटवर फुकट टाकलंय."

"बाईनं," मास्तर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "फुकट."

"हो."

"दुसऱ्याच्या कटिंगवर मी कात्री चालवत नाही."

"बरं. मग शालनकाकूंकडं देऊन बघते."

यास्मिन चुका काढायचा पगार घेत होती ती उगाच नाही. मास्तरांनी कागद तिच्या हातातून घेतला, गुंडाळला आणि मशीनमागं उभा करून ठेवला. "माप घ्यायला घेऊन या मुलीला."

अमिनाबीनं पलंगावर बसून अर्शियाला धरलं. मास्तर गळ्यात टेप टाकून आले. कंबर घेतली झबल्यावरून. सीट घेतली दुपट्यावरून. दुपटं जरा सरकलं तशी त्यांनी मान खिडकीकडं फिरवली आणि पुढचं माप समोरच्या बिल्डिंगीच्या पाण्याच्या टाकीकडं बघत घेतलं. आणि सगळं झाल्यावर, इतक्या वर्षांची जीभ ती, घसरलीच.

"डावीकडे की उजवीकडे?"

अमिनाबी इतकी हसली की पाठीला पट्टा बांधावा लागला.

शुक्रवारी सकाळी माल तयार झाला. करड्या रंगाचं, बारीक पांढऱ्या रेघांचं उंची लोकरी कापड. एकेकाळी त्यातून एका ब्रिगेडियरचा सूट निघाला होता. कमरेला कडक पट्टी. मागच्या बाजूला, पुढं कधी सैल करता यावं म्हणून, आत दुमडलेला दोन इंचांचा दाब. पट्ट्यासाठी चार लुप्या. समोर उभ्या धारेची इस्त्री. पुढच्या बाजूला पंच्याचे पाच थर, एकावर एक, तोफखान्याच्या भिंतीसारखे. इलास्टिक नाही. "इलास्टिक चड्डीला असतं," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून इलास्टिक गेलेलं नाही."

यास्मिननं ते उलटसुलट करून बघितलं. "अब्बा, हे फारच... फॉर्मल आहे."

"मुलाखतीला जाऊ शकते," फैज म्हणाला. बापानं त्याच्याकडं बघितलं, तसा तो मॉलला निघून गेला.

सत्यशीलाबाईंनी त्या दिवशी मुलीला नुसतं बघायला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. तास झाला नसेल, यास्मिनचा फोन वाजला.

"यास्मिन, मुलीला घेऊन जा. गादी, चादर, शेजारचा मुलगा, सगळं भिजलंय. आमच्याकडं मुलं सांभाळतात, पोहायला शिकवत नाहीत. सोमवारी असंच होणार असेल तर दुसरीकडं बघा."

यास्मिन मुलीला घेऊन परत आली. मास्तर बाल्कनीत मशीनला तेल घालत होते. एखादा विद्यार्थी निकालाच्या दिवशी नखं कुरतडतो तसे ते तेल घालत होते. मशीनला इतक्या तेलाची गरज नव्हती.

"अब्बा, डिफेक्ट आहे."

"शिलाईत?"

"शिलाईत नाही. डिझाइनमध्ये."

मास्तरांना आजवर लोकांनी उशिराबद्दल बोल लावला होता, दराबद्दल लावला होता. डिझाइनबद्दल कुणाची हिंमत झाली नव्हती. "कुठून गळालं?"

यास्मिननं पंख्याकडं बघितलं. सासऱ्यांशी ती सगळं बोलायची. क्रिकेट, भाज्यांचे भाव, फैजचा आळशीपणा. पण हा विषय तिच्या इंजिनियरिंगच्याही बाहेरचा होता. "म्हणजे... खालून. मागच्या बाजूनं."

"मागून? पाणी मागून कसं येईल? पुढं पाच थर दिलेत!"

"तेच ना अब्बा. पुढं काही झालंच नाही. ते पाच थर कोरडेच्या कोरडे आहेत."

"मग तुमच्या सत्यशीलाबाईंनी उलटं घातलं असेल."

आता आतून अमिनाबी बोलली. ती पलंगावर पडून होती, पण आवाजाला ऑपरेशन झालेलं नव्हतं. "आवं, पुढं थर कुणासाठी दिल्यात? पोरगी हाय ती! ती काय भिंतीवर नेम धरून मुतती व्हय?"

यास्मिन अर्शियाला उचलून आतल्या खोलीत पळाली. दार लागल्यावर आतून उशीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो थांबला, आणि मग जो आवाज आला तो हसण्याचा नव्हता.

मास्तर हातात तेलाची कुपी घेऊन उभे राहिले. चाळीस वर्षं माणूस म्हणजे काय हे ते पुरुषाच्या मापानं शिकले होते. माणसाला पुढून मिशी असते, आत एक डावीकडं-उजवीकडंचा प्रश्न असतो, आणि पँट त्या प्रश्नाभोवती शिवायची असते. जगात हा प्रश्नच नसलेली माणसंही जन्माला येतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शिवणकामात ते कधी लागलं नव्हतं.

संध्याकाळी फैज आला. यास्मिननं त्याला शांतपणे सांगितलं, "मी राजीनाम्याचा मेल टाकते. उद्या शनिवार आहे, परवा रविवार. दोन दिवसांत काय होणार?"

"बघ तू," फैज म्हणाला. "वर्षभर घरी राहा. मग शोधू दुसरी."

"वर्षभरानं कोण घेतं? तुमच्या शोरूममध्ये मागच्या वर्षीच्या पँटी कुठं टाकतात?"

"सेलमध्ये."

"मग?"

बाल्कनीत मास्तर सगळं ऐकत होते. शिवून तयार असलेला कोट न नेता गिऱ्हाईक निघून गेलं की त्यांचा जीव तुटायचा. कोट खुंटीला वर्षानुवर्षं लटकायचा, कुणाच्याच अंगाला न बसणारा. आज तसंच काहीतरी आत तुटत होतं. त्याचं कारण कबूल करायला ते तयार नव्हते. त्यांनी आत डोकावून इतकंच म्हटलं, "मेल रविवारी टाक. शनिवारी तुझा साहेब काय वाचत बसणारे?"

शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणं पांढरी पँट घालून मास्तर बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. अमिनाबीनं सुनेला काहीतरी कुजबुजून सांगितलं. यास्मिन अर्शियाला घेऊन आली, आणि अर्शियाच्या अंगावर वरती झबलं आणि खाली काहीही नव्हतं. तिनं पोरीला आजोबांच्या मांडीवर बसवलं, आणि लाल चेहऱ्यानं आत निघून गेली.

"अगं अमिना! अगं माझी पँट—"

"पँटच पायजे," अमिनाबी दारात खुर्ची टाकून बसली होती. "चुपचाप बसा. हलायचं न्हाय. लोकांस्नी आरशाफुडं तासतास हुबं केलंसा न्हवं? आता तुमची ट्रायल."

"इस्त्री केलीय मी."

"म्हनून तर."

मास्तर बसले. अर्शियानं त्यांची दाढी धरली, चष्मा ओढला, खिशातला खडू काढून चाटला. मास्तरांनी खडू काढून घेतला. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो तिनं मान वळवून बघितला. आणि मग ती एकदम गप्प झाली, गंभीर झाली, दूर कुठंतरी बघायला लागली. सगळ्या घराला तो चेहरा माहीत होता. फक्त मास्तर त्या क्षणी नेहमी दुसरीकडं बघत असत.

आज बघितलं. हलले नाहीत. पांढऱ्या पँटीवर ऊब पसरली. कुठं सुरू झाली, कुठं रुंदावली, कुठं मागं वळून शिवणीपाशी थांबली, सगळं त्यांनी बघितलं. अर्शिया हसली.

"अमिना," मास्तर हळूच म्हणाले, जणू झोपलेलं कुणी उठेल. "हिला उचलायला सुनेला सांग. आणि ओलं सुकायच्या आत मला निळा खडू दे."

यास्मिननं मुलीला उचललं. मास्तरांनी वाकून स्वतःच्या मांडीवर, ओल्याच्या कडेकडेनं, निळी रेघ ओढली. अगदी सावकाश, कॉलर कापताना ओढावी तशी. मग उभे राहून बाथरूममध्ये गेले, लुंगी नेसून आले आणि ती पँट टेबलावर पसरली. निळ्या रेघेच्या आतला आकार मधोमध सुरू होत होता आणि मागं जाऊन पेरूसारखा फुगत होता. पुढं जवळजवळ काहीच नव्हतं.

अमिनाबीनं मशीनमागचा कागद काढून आणला आणि त्या पँटीवर ठेवला. अमेरिकेतल्या बाईनं आतल्या जाड थराची तुटक रेघ काढली होती. दोन्ही आकार जुळ्या भावांसारखे. शेजारी एक छोटं चित्रही होतं, मुलगा असेल तर थर कुठं, मुलगी असेल तर कुठं. अंगठाछापालासुद्धा कळलं असतं.

मास्तरांनी दोन्हीकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "नक्कल केलीय त्या बाईनं."

"कुणाची?" यास्मिननं विचारलं.

"नातीची."

मास्तरांनी कागद सरळ केला, त्यावर कापड पसरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कटिंगवर कात्री चालवली. आतल्या थरांसाठी अमिनाबीनं स्वतःची एक धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली सुती साडी फाडून दिली. लुप्या गेल्या, दाब गेला, कडक पट्टी गेली. शेवटी मास्तर फैजला म्हणाले, "इलास्टिक आण." दारू आण म्हणावं अशा आवाजात म्हणाले.

"किती रुंद?" फैजनं विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी घेतलंय? तुझ्या त्या शोरूममध्ये विचार."

रविवारी घरात ट्रायल झाली. पहिल्याची मांडी जरा घट्ट झाली, पोरीच्या पायावर वळ उठला. यास्मिननं सांगितलं, "अब्बा, अजून एक डिफेक्ट." मास्तरांनी "कुठं?" एवढंच विचारलं, तिनं बोट ठेवून दाखवलं आणि दोघांनीही पंख्याकडं बघितलं नाही. मास्तरांनी इलास्टिक उसवून पुन्हा लावलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा यास्मिन काही बोलली नाही, तेव्हा मास्तरांनाच राहवेना. "डिफेक्ट नाही?"

"अजून सापडला नाही."

"म्हणजे आहे?"

"अब्बा, आमच्या कंपनीत याच्यापुढं कुणी काही म्हणत नाही."

सोमवारी यास्मिन ऑफिसचे कपडे घालून तयार झाली. पिशवीत रेघारेघांच्या लोकरीचे सहा डायपर घड्या घालून ठेवले. मास्तरही तयार झाले. "मी येतो सोबत. तिकडून परत येईन."

रिक्षा खराडीला पोचली. यास्मिननं मुलीला सत्यशीलाबाईंच्या हातात दिलं, मागं न बघता चालत कंपनीकडं गेली. मास्तर परत गेले नाहीत. पाळणाघराच्या पायरीवर रुमाल पसरून बसले. आतून पोरं रडत होती, हसत होती, एक पोर सारखं "काऊ, काऊ" ओरडत होतं. अर्शियाचा आवाज आला की ते उठायचे, थांबला की बसायचे. दोनदा सत्यशीलाबाई दारात येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला कुणी इथं सांभाळायला ठेवलंय का?"

"नाही, मी आपला..."

"ऊन आलंय पायरीवर. सावलीत तरी सरका."

मास्तर सरकले. विचारायचं होतं एकच, पण ते परक्या बाईला कसं विचारायचं? शेवटी घसा साफ करून म्हणाले, "ट्रायल... झाली का?"

सत्यशीलाबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "दोनदा झाली. गादी कोरडी आहे. एक मी बदललाय, तो बाहेरून हाताला ओलासुद्धा लागत नव्हता." मग म्हणाल्या, "लोकरीला इस्त्री कुणी केली?"

"मी."

"नका करत जाऊ. लहान मूल आहे, साक्षीला उभं राहायचं नाहीये तिला. जा आता घरी."

मास्तर बसस्टॉपवर आले. बस आली, गर्दी होती, पण म्हाताऱ्या माणसासाठी कुणीतरी खिडकीशेजारची जागा सोडली. खिशातला फोन वाजला.

"अब्बा, काय स्टेटस?"

"कोरडं."

यास्मिन म्हणाली, "अब्बा, मला यायला उशीर होईल आज. सहा महिन्यांचं काम साठवून ठेवलंय लोकांनी. नुसत्या चुका आहेत." आवाजात इतका आनंद होता की तो फोनमधून शेजारच्या माणसालाही ऐकू गेला असावा.

"कर काम. मुलीला फैज आणेल."

मास्तरांनी फोन खिशात टाकला. शेजारचा माणूस पेपर वाचत होता. त्यानं काहीही विचारलेलं नसताना मास्तर त्याला म्हणाले, "आमची सून आजपासून कामावर गेली."

तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "मग?"

"मग काही नाही," मास्तर म्हणाले. "गेली."